मसावि काढताना अवयव कशाला पाडता? भागत सुटा

खडूफळा
४८ आणि ६० चा मसावि (महत्तम सामाईक विभाजक, म्हणजे दोन्हींना भाग जाणारी सर्वांत मोठी संख्या) मुलं तोंडी सांगतात. अवयव पाडले, सामाईक उचलले, १२. पण ४१८९ आणि ३१२७ दिले की पेन थांबतं. २ ने जात नाही, ३ ने नाही, ५ ने नाही. ७, ११, १३ करून झाले. मग "सामाईक काही नाही, मसावि १" असं ठोकून मोकळे. उत्तर साफ चूक.

भागाकार पद्धत वर्गात दोन उदाहरणांत उरकली जाते, म्हणून हा धागा. मोठीला लहानीने भागायचं आणि थांबायचं नाही:

४१८९ ÷ ३१२७ → भागाकार १, बाकी १०६२
३१२७ ÷ १०६२ → भागाकार २, बाकी १००३
१०६२ ÷ १००३ → भागाकार १, बाकी ५९
१००३ ÷ ५९ → भागाकार १७, बाकी ०

वरच्या ओळीतला भाजक खालच्या ओळीत भाज्य होतो, वरची बाकी खाली भाजक होते. बाकी शून्य आली की त्या ओळीतला भाजक हाच मसावि. इथे ५९.

४१८९ = ५९ × ७१ आणि ३१२७ = ५९ × ५३. तिन्ही मूळ संख्या. अवयव पाडत गेलात तर ३१२७ चा पहिला मूळ अवयव ५३ सापडतो, आणि ५३ ही सोळावी मूळ संख्या. म्हणजे पंधरा वेळा हात हलवत परत यायचं, सोळाव्यांदा यश. भागाकार पद्धतीत चार ओळी, आणि मूळ संख्यांची यादी पाठ असायची गरजच नाही.

परळकर
पद्धत ठाऊक आहे, अडचण वेगळीच आहे. मसावि शोधायचा ४१८९ चा, आणि दुसऱ्याच ओळीत ४१८९ गायब! बाकीच्या मागे धावून मूळ संख्येबद्दल खात्रीने कसं बोलायचं?

शून्यबाकी
परळकर, हाच प्रश्न पहिल्यांदा विचारायला हवा.

जी संख्या ४१८९ आणि ३१२७ दोघींना भागते, ती त्यांच्या वजाबाकीला, म्हणजे १०६२ लाही भागणारच. आता उलट बघा. जी ३१२७ आणि १०६२ दोघींना भागते, ती त्यांच्या बेरजेला, म्हणजे ४१८९ ला भागते. म्हणजे (४१८९, ३१२७) या जोडीचे सामाईक विभाजक आणि (३१२७, १०६२) या जोडीचे सामाईक विभाजक ही एकच यादी. एकही नवा शिरला नाही, एकही गळला नाही. ४१८९ गेली, पण तिच्याबद्दल जे कळायचं होतं ते पुढच्या जोडीत जसंच्या तसं उतरलं.

भागाकार म्हणजे तीच वजाबाकी एका दमात. ३१२७ मधून १०६२ दोनदा काढले, १००३ उरले. असं करत शेवटची जोडी येते (५९, ०). शून्याला कुठल्याही संख्येने भाग जातो, तेव्हा या जोडीचे सामाईक विभाजक म्हणजे ५९ चे विभाजक, आणि त्यांतला सर्वांत मोठा स्वतः ५९.

युक्लिडने इ.स.पू. ३०० च्या सुमारास आपल्या ग्रंथाच्या सातव्या भागात हे अगदी सुरुवातीलाच दिलं आहे, तेही वजाबाकीच्याच रूपात: लहान लांबी मोठीतून काढत राहा. आपल्याकडे आर्यभटाच्या कुट्टकात (इ.स. ४९९) हीच परस्पर भागण्याची रीत आहे. कुट्टक म्हणजे कुटणं. दोन्ही संख्या कुटून कुटून बारीक करायच्या. भास्कराचार्यांच्या लीलावतीत (११५०) तर तिला नावंही आहेत. परस्परांना भागून शेवटी जे उरतं ते 'अपवर्तन', आणि त्याने भागल्यावर मिळणारे भाज्य-हार (हार म्हणजे भाजक) 'दृढ'. वरच्या उदाहरणात ५९ हे अपवर्तन, ७१ आणि ५३ दृढ. १ सोडून सामाईक विभाजक नसलेल्या अशा संख्यांना आपण आज 'सहमूळ' म्हणतो, पण मला 'दृढ' जास्त आवडतो. आणखी बारीक होणार नाही असा.

लादीमिस्त्री
पुस्तकात एक उदाहरण ठरलेलं असतं: अमुक बाय अमुक खोलीत न कापता बसणारी सर्वांत मोठी चौरस लादी किती? ३५७० बाय २७३० मिमी घ्या. ३५७० ÷ २७३०, बाकी ८४०. २७३० ÷ ८४०, बाकी २१०. ८४० ÷ २१०, बाकी ०. लादी २१० मिमीची, १७ × १३ = २२१ नग. कागदावर शंभर टक्के बरोबर.

फक्त दुकानात २१० ची लादी मागून बघा. ३०० बाय ३०० मिळेल, ६०० बाय ६०० मिळेल. शिवाय लादीला लादी चिकटवून कोणी बसवत नाही, मध्ये स्पेसर असतो. समजा ३ मिमी.

आता लालबागच्या जुन्या चाळीत शोभेल अशी खोली घ्या, ३३३० बाय २७२४ मिमी. मापं अशीच भागत सुटलात तर:

३३३० ÷ २७२४, बाकी ६०६
२७२४ ÷ ६०६, बाकी ३००
६०६ ÷ ३००, बाकी ६
३०० ÷ ६, बाकी ०

मसावि ६. म्हणजे ६ मिमीची लादी! गणित चुकलेलं नाही, मांडणी चुकली. एका ओळीत ११ लाद्या असतील तर सांधे १०, अकरा नव्हेत. शेवटच्या लादीपुढे सांधा नाही, भिंत आहे. तो नसलेला सांधा दोन्ही मापांत मिळवा, मग प्रत्येक लादी आपला सांधा घेऊन मोजली जाते. ३३३३ आणि २७२७:

३३३३ ÷ २७२७, बाकी ६०६
२७२७ ÷ ६०६, बाकी ३०३
६०६ ÷ ३०३, बाकी ०

मसावि ३०३. त्यातून सांध्याचे ३ काढा, लादी ३००. एकीकडे ११, दुसरीकडे ९, एकूण ९९. एकही कापायची नाही.

दोन्ही भिंतींशीही ३ मिमी फट सोडणार असाल, तर सांधे लाद्यांपेक्षा एकने जास्त होतात. मग मिळवायचे नाहीत, ३ वजा करायचे.

गिरगावकर
मिस्त्री, हे वाचून चाट पडलो. ३ मिमीने ६ चे ३०३ झाले?

लादीमिस्त्री
याच्याही पुढचं घ्या. ३३३३ च्या जागी ३३३४ धरा, फक्त एक मिमी चूक. बाक्या येतात ६०७, २९९, ९, २, १, ०. मसावि १. मसावि हा मापाच्या बाबतीत फार तुसडा आहे, 'जवळपास' चालत नाही त्याला. आणि चाळीतली खोली काटकोनात असते असं ज्याला वाटतं, त्याने फिता धरून दोन्ही टोकांना रुंदी मोजावी.

म्हणून प्रत्यक्ष कामात मसावि काढत बसत नाहीत; बाजारातली लादी धरून बाकी बघतात. ६०० ची लादी म्हणजे सांध्यासकट ६०३. ३३३३ ÷ ६०३, भागाकार ५, बाकी ३१८. पाच अख्ख्या लाद्या आणि ३१८ मधून सांधा वजा जाता ३१५ चा तुकडा. अर्ध्याहून मोठा, चालेल. बाकी चाळीस-पन्नास मिमी आली असती तर बारीक पट्टी दिसते, आणि कापताना फुटतेही. तेव्हा एक अख्खी लादी कमी करून उरलेलं माप दोन्ही भिंतींना सारखं वाटतात. वर तुटफुटीला पाच ते दहा टक्के नग जास्त आणायचे.

खडूफळा
मिस्त्रींच्या प्रतिसादातली 'गणित बरोबर, मांडणी चूक' ही गोष्ट वहीतही तितकीच दिसते. फूट-इंचांत तर हमखास. १० फूट ६ इंच म्हणजे १०.६ नव्हे, १२६ इंच. ८ फूट ९ इंच म्हणजे १०५ इंच. १२६ ÷ १०५, बाकी २१. १०५ ÷ २१, बाकी ०. मसावि २१ इंच, म्हणजे पावणेदोन फूट. दशांशातही असंच. २.५२ मीटर आणि १.८ मीटर असेल तर २५२ आणि १८० घ्यायचे, १८ नाही. १८० घेतले तर ३६, म्हणजे ०.३६ मीटर. १८ घेतले तर उत्तर १८ येतं, अगदी निम्मं. आणि १८ ने २५२ ला भाग जातोच, त्यामुळे चूक लक्षातही येत नाही.

बाकी नेहमीच्या चुका:

शेवटच्या ओळीतला भागाकार उत्तर म्हणून लिहितात. ४१८९ आणि ३१२७ च्या उदाहरणात १७. डोळा शेवटच्या भागाकाराच्या आकड्यावर जातो, कारण इतकी वर्षं भागाकार म्हटला की उत्तर वर लिहायची सवय. इथे भागाकाराचे आकडे उत्तरात लागतच नाहीत, सगळं काम बाकीचं. काही जण तर '० बाकी आली म्हणून मसावि ०' लिहितात.

बाकी भाजकापेक्षा मोठी राहते. ३१२७ मधून १०६२ एकदाच काढून २०६५ बाकी लिहिली की झालं. गंमत म्हणजे पुढे नीट भागत गेलात तर उत्तर तरीही ५९ च येतं, कारण वजाबाकीने विभाजकांची यादी बदलत नाही. फक्त ओळ वाढते. ही 'निरुपद्रवी' चूक.

उपद्रवी चूक वेगळी. भागाकाराच्या मध्ये शून्य येतो तिथे. २१४७ ÷ २१ करा. २१ मधून २१ गेले, ४ खाली उतरवला, ४ हे २१ पेक्षा लहान म्हणून "बाकी ४". अहो, ७ अजून वरच बसलाय. भागाकारात शून्य लिहा, ७ उतरवा, ४७ मधून ४२, खरी बाकी ५. इथे बाकी चुकली की पुढच्या सगळ्या ओळी वेगळ्याच संख्यांच्या.

नवशेष
त्यासाठीच प्रत्येक ओळ नऊच्या बाकीने तपासायची. अंकांची बेरीज करत जायचं, ९ म्हणजे ०. ३१२७ = १०६२ × २ + १००३ ही ओळ घ्या. डावीकडे ३+१+२+७ = १३, म्हणजे ४. उजवीकडे १०६२ चे ९, म्हणजे ०; ० × २ + ४ = ४. जुळलं. पाच सेकंद लागतात. अंकांची अदलाबदल मात्र या जाळ्यात अडकत नाही. १००३ च्या जागी १०३० लिहिलंत तरी जुळेल.

आता वेळ वाचवायच्या दोन युक्त्या, परीक्षेत उपयोगी.

पहिली, उणी बाकी. ३१२७ मध्ये १०६२ दोनदा जातात आणि १००३ उरतात, हे बरोबर. पण १००३ म्हणजे १०६२ ला जवळजवळ टेकलेत. तिनदा घ्या: ३१८६. ५९ जास्त झाले. हे जास्तीचे ५९ च बाकी म्हणून पुढे न्या. १०६२ ÷ ५९ = १८, बाकी ०. एक ओळ वाचली. नियम इतकाच की बाकी भाजकाच्या निम्म्याहून मोठी असली तर वरच्या पटीतून वजा करून लहान बाकी घ्यायची. चिन्ह विसरा, विभाजकाला चिन्हाशी देणंघेणं नसतं.

दुसरी, जास्त धारदार. एका संख्येत जो अवयव आहे आणि दुसरीत नक्की नाही, तो फेकून द्या. पहिल्या वजाबाकीनंतर जोडी आहे ३१२७ आणि १०६२. ३१२७ विषम, २ नाही. अंकांची बेरीज १३, ३ नाही. १०६२ मधून २ काढा, ५३१. दोनदा ३ काढा, ५९. आता फक्त ३१२७ ÷ ५९ = ५३ एवढं बघायचं. संपलं. पण दोन्हींत असलेला अवयव चुकून फेकलात तर मसावि तेवढ्या पटीने लहान येईल. दोघींत असेल तर बाजूला लिहून ठेवा, शेवटी गुणा.

शून्यबाकी
नवशेषांना +१. पडताळ्याबद्दल एक भर. उत्तर आल्यावर लोक दोन्ही संख्यांना त्याने भागून बघतात, भाग गेला की खूश. त्यातून ती संख्या सामाईक विभाजक आहे एवढंच कळतं, महत्तम आहे हे नाही. वर १८ आणि ३६ चं झालं ते आठवा. २५२ ÷ १८ = १४, १८० ÷ १८ = १०. १४ आणि १० मध्ये अजून २ सामाईक शिल्लक आहे. भागून आलेल्या दोन संख्या दृढ आहेत का, हे बघितल्याशिवाय पडताळा पुरा होत नाही.

बाकीशून्यराव
(आयडी शून्यबाकींशी संबंधित नाही, योगायोग.)

ओळी किती लागतील याची भीती असते लोकांना. १८४४ साली लामे या फ्रेंच गणितज्ञाने हिशेब बांधून दिला: लहान संख्येत जितके अंक, त्याच्या पाचपटीपेक्षा जास्त भागाकार कधीच लागत नाहीत. ३१२७ चार अंकी, जास्तीत जास्त २०. लागले ४.

सर्वांत चिवट जोड्या फिबोनाचीच्या (आधीच्या दोन संख्यांची बेरीज म्हणजे पुढची, अशा रांगेतल्या लगतच्या). १४४ आणि ८९ करून बघा. बाक्या ५५, ३४, २१, १३, ८, ५, ३, २, १, ०. नेमके दहा भागाकार, दोन अंकी संख्येची कमाल मर्यादा. दर ओळीत भागाकार १ च येतो, शेवटी तेवढा २. भागाकार लहान म्हणजे संख्या हळू बारीक होते. उलट भागाकार मोठा आला की एका फटक्यात खाली.

प्रोग्रॅम लिहिणाऱ्यांसाठी: वजाबाकीवर चालवू नका. १० लाख आणि १ अशी जोडी दिली तर दहा लाख वजाबाक्या, भागाकार मात्र एकच. आणि अदलाबदल करताना जुना भाजक आधी बाजूला ठेवा, नाहीतर नवी बाकी त्याच्यावर बसते आणि दोन्ही चलांत एकच संख्या उरते.

परळकर
तीन संख्या असल्या तर? १२०९, १५८१, २०४६.

खडूफळा
दोघींचा काढा, मग उत्तर आणि तिसरी. १५८१ ÷ १२०९, बाकी ३७२. १२०९ ÷ ३७२, बाकी ९३. ३७२ ÷ ९३, बाकी ०. आता २०४६ ÷ ९३ = २२, बाकी ०. मसावि ९३. दुसरी रीत मला जास्त सुटसुटीत वाटते: सर्वांत लहानीने उरलेल्या दोघींना एकदम भागा. १२०९ ने भागून ३७२ आणि ८३७. मग ३७२ ने १२०९ आणि ८३७ ला, दोन्हीकडे ९३. ९३ ने ३७२ ला, ०.

लसावि (लघुतम सामाईक विभाज्य) हवा असेल तर दोन संख्यांपुरतं सोपं: एकीला मसाविने भागा, दुसरीने गुणा. ४१८९ ÷ ५९ = ७१, ७१ × ३१२७ = २,२२,०१७. आधी भागा, मग गुणा. उलट केलंत तर विनाकारण आठ अंकी गुणाकार. आणि 'मसावि × लसावि = गुणाकार' हे तीन संख्यांना लावू नका. ४, ६, १० चा मसावि २, लसावि ६०, त्यांचा गुणाकार १२०. संख्यांचा गुणाकार २४०.

गिरगावकर
स्पर्धा परीक्षेत बाकीवाले प्रश्न येतात तेही घ्या ना. 'ज्या मोठ्यात मोठ्या संख्येने १२७४ ला भागल्यास ५ आणि १७४७ ला भागल्यास ८ बाकी उरते' या छापाचे.

नवशेष
बाकी आधी काढून टाका. १२६९ आणि १७३९. बाक्या ४७०, ३२९, १४१, ४७, ०. उत्तर ४७.

बाकी किती ते न सांगता 'सारखीच उरते' म्हटलं असेल तर फरक घ्या. ४३७, ७५२, १२७७ यांचे लगतचे फरक ३१५ आणि ५२५. बाक्या २१०, १०५, ०. उत्तर १०५, आणि तिन्हींत बाकी १७. तिसरा फरक ८४० काढायची गरज नाही, तो पहिल्या दोघांची बेरीजच आहे.

गिरगावकर
मग हे सांगा. सरावाच्या कागदावर आहे: १२५० ला भागल्यास ५, १७३० ला भागल्यास ८. मी १२४५ आणि १७२२ घेतले, दहा ओळी भागत गेलो, उत्तर ३. पर्यायांत ३ आहे. पण काहीतरी खटकतंय.

नवशेष
खटकायलाच हवं. दहा ओळी बरोबर आहेत, मसावि ३ च. पण ३ ने भागल्यावर ८ बाकी उरेल कशी? बाकी भाजकापेक्षा लहान असते. ३ ने भागून बघा, १२५० ची बाकी २, १७३० ची पण २. १२४५ आणि १७२२ चे सामाईक विभाजक फक्त १ आणि ३, आणि हवा ८ पेक्षा मोठा. अशी संख्याच नाही. प्रश्न काढणाऱ्याने बाक्या आधी ठरवल्या आणि भाजक नंतर शोधला.

गिरगावकर
पाचवा पर्याय 'यांपैकी नाही' असा आहे.

नवशेष
मग तोच रंगवा.